न बुडणारी बोट

बोट बुडत नव्हती, आणि निंग्रुमच्या जिवाला घोर लागला होता.

इंडोनेशियातल्या सुराबायाच्या त्या प्रयोगशाळेत लांबलचक हौद होता आणि हौदात माणसापेक्षा थोडी लांब अशी पिवळी बोट तरंगत होती. एका फेरीबोटीची ती हुबेहूब लहान प्रतिकृती. खरी फेरीबोट गेल्या ईदला, मदुरा बेटापलीकडच्या एका लहान बेटाजवळ, जवळजवळ सपाट समुद्रात आडवी झाली होती. पुष्कळ माणसं गेली. बोट कशाने आडवी झाली, हे शोधायचं काम इंजिनियर निंग्रुमकडे आलं होतं.

"बू," लाटांचं यंत्र चालवणारा चाह्यो म्हणाला. तिकडे बाईंना 'बू' म्हणतात, साहेबांना 'पाक'. "आजवर बोटी बुडू नयेत म्हणून पगार घेतलात. आता ही बुडत नाही म्हणून तोंड पाडून बसलाय."

ती हसली नाही. मागे खांबाला टेकून मुधार उभा होता. तो त्या फेरीचा कप्तान. कप्तानाने चाक गर्रकन फिरवलं म्हणून बोट कलली, असं चौकशी आयोगाचं म्हणणं होतं. मुधार सांगून सांगून थकला होता की चाकाला हात लावला नाही, सरळ चाललो होतो. मेलेल्यांत त्याची स्वतःची बायको होती, तरी बेटावर त्याच्या सलामाला कुणी उत्तर देत नव्हतं. सरळ चालीत ही पिवळी बोट बुडाली, तरच त्याच्यावरचा डाग पुसला जाणार होता. आज चाचणीचा शेवटचा दिवस होता. आयोगाचे हुताबारात साहेब आपल्या माणसांसह लोखंडी सज्ज्यावर टेबल-खुर्ची मांडून बसले होते आणि निंग्रुम देव पाण्यात घालून बसली होती.

"लाट वाढवू?" चाह्योने विचारलं.

"नको," मागून मुधार म्हणाला. "त्या दिवशी एवढी पण नव्हती."

हा माणूस स्वतःच्या बाजूने खोटंसुद्धा बोलत नाही, याचा निंग्रुमला रागही आला आणि त्याची कीवही आली.

लाटा सोडण्याआधी भोंगा वाजवायचा, असा तिथला नियम. कुणी हौदाच्या काठावर असेल तर त्याने बाजूला व्हावं. भोंगा वाजला. मुधारने दर वेळेसारखा खांब घट्ट धरला आणि डोळे मिटले. लाटा आल्या, बोट डुलली, पुन्हा नीट उभी राहिली. वरच्या मजल्यावर ओळीने बसवलेले शिशाचे तुकडे जागचे हलले नाहीत. तेच तिचे प्रवासी. प्रत्येक बाकावर सारखं वजन, नियमात लिहिलंय तसं. तो वरचा मजला मालकाने आदल्याच वर्षी चढवला होता, आणि तोही नियमाच्या हिशेबात बसत होता.

"बू निंग्रुम, मला वाटतं एवढं पुरे," हुताबारात म्हणाले. "कप्तानाचं वाईट वाटतं, पण पाणी कुणाची भीडभाड ठेवत नाही."

"एकदाच, पाक. शेवटचं."

पाणी शांत होईपर्यंत सगळे थांबले. कुणी कॉफी ढवळली, कुणी तळलेलं टेंपे संपवलं. मग भोंगा झाला तसे सज्ज्यावरचे सगळे हातातलं टाकून बघायला कठड्याशी धावले. सज्जा करकरला, किंचित झुकला. हुताबारातांचा पेला टेबलावरून घसरला आणि कॉफी त्यांच्या विजारीवर सांडली.

"हा सज्जा एक दिवस आपल्या सगळ्यांना आंघोळ घालणार," चाह्यो म्हणाला.

निंग्रुम त्या पेल्याकडे बघत राहिली.

"थांबव," ती म्हणाली. "पाक, वाचलेल्यांनी जबानीत काय सांगितलं होतं? आम्ही सगळे उजवीकडे होतो, हेच ना?"

"बोट कलल्यावर माणसं घसरणारच," विजार पुसत हुताबारात म्हणाले.

"आणि ती आधीच तिथे असली तर?"

तिने बोट काठाला ओढली. शिशाचे तुकडे सोडवून सगळे उजव्या कठड्याला लावले. पुन्हा पाणी शांत झालं, पुन्हा भोंगा झाला आणि साधीच लाट आली. बोट उजवीकडे कलली, क्षणभर विचार केल्यासारखी थांबली, आणि परत आलीच नाही. दुसऱ्या लाटेने तिचं लाल पोट वर आलं.

चाह्योने टाळी वाजवली. निंग्रुमच्या डोळ्यांत पाणी आलं. बोट बुडाल्याचा तिला जन्मात कधी एवढा आनंद झाला नव्हता. हुताबारातांनी जाऊन कप्तानाचा हात हातात घेतला.

"पाक मुधार, सुटलात. चाक तुम्ही फिरवलं नव्हतं." मग सवयीने त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. "पण बसलेली माणसं एकदम उजवीकडे कशाला जातील?"

मुधार उलट्या बोटीकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याची काहीच खूण नव्हती.

"उजव्या हाताच्या टेकडीवर आमच्या पीराची कबर आहे," तो सावकाश म्हणाला. "बोट समोर आली की सलामी द्यायची. ती ऐकून लोक उठतात, त्या बाजूला जाऊन दुवा मागतात. आजोबांच्या वेळेपासून चालत आलंय. यात सांगण्यासारखं काही आहे, असं कुणाला वाटलंच नाही. मलाही नाही."

"सलामी म्हणजे?"

मुधारने भिंतीवरच्या भोंग्याकडे पाहिलं.

"भोंगा. वरच्या मजल्यावर बायको होती. तिला नीट ऐकू जावा म्हणून त्या दिवशी मी तो जरा जास्तच लांबवला."