चौथ्या मजल्यावरची आजी

"जरा हळू, ताई," रेकॉर्डिंग करणाऱ्या सरांनी काचेपलीकडून सांगितलं. "आवाजाचा काटा लाल पट्टीत जातोय."

"मला हळू येतच नाही हो, मास्तर," आई म्हणाली. "बावीस वर्षं लाँड्रीत काढली. तिथं मशीन सुरू झालं की माणसाला ओरडावंच लागतं."

आवाज घोगरा होता, पण चढा. कला महाविद्यालयाच्या तळघरातली ती रेकॉर्डिंगची खोली जेमतेम चार पावलांची. भिंतींना करडा स्पंज, मध्ये माइक, माइकसमोर स्टुलावर आई आणि तिच्या शेजारी, हेडफोन लावून, तिची लेक. लेक शेवटच्या वर्षाला होती. व्हिडिओ गेम कसे रचायचे ते शिकत होती. तिच्या गेममध्ये एक टपालवाली मुलगी उंच इमारतीत दारोदार पत्रं पोचवते आणि चौथ्या मजल्यावरची एक आजी बंद दाराआडून तिच्याशी बोलते. आजीला बारा वाक्यं होती. नाटक शिकणारी एक मैत्रीण ती म्हणणार होती. पंधरा दिवसांपूर्वी लेकीने तिला नको म्हणून सांगितलं आणि आज आईला घेऊन आली.

गुरुवारी आईचं ऑपरेशन होतं. स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. घरात दोघींचं डब्याबद्दल, गॅसबद्दल, दवाखान्याच्या पिशवीत काय काय भरायचं त्याबद्दल बोलून झालं होतं. आवाज जाणार त्याबद्दल मात्र नाही.

आईने चष्मा सारखा केला आणि कागद डोळ्यांसमोर धरला.

"कोण आहे? थांब जरा, गुडघे ऐकत नाहीत आता... पत्र दाराखालून सरकव... जिना जपून उतर गं, तिसरी पायरी हलते."

बारा वाक्यं झाली. कागद उलटला तर मागेही लिहिलेलं होतं. दाट, बारीक अक्षरात.

"अजून आहे का? आजी बरीच बोलकी दिसतेय," आई म्हणाली आणि वाचू लागली. "जेवलीस का?... पोचलीस की फोन कर... केस पुसून घे आधी, सर्दी होईल... हो... नाही... बघू." तिने मान वर केली. "नुसतं 'बघू'?"

"हो. तू म्हणतेस तसं. नाही म्हणायचं असतं तेव्हाचं."

आई हसली, खोकली, पाण्याचा घोट घेतला. पुढची ओळ तिने आधी मनातल्या मनात वाचली. मग कागद खाली घेतला.

"'ठमे, ऊठ. सात वाजले.'" हे तिने वाचल्यासारखं नाही, विचारल्यासारखं म्हटलं. "तुझ्या गेममध्ये ठमी कोण आहे?"

लेकीला ठमी म्हणणारं जगात एकच माणूस होतं. काचेपलीकडे सर उगाचच एक वायर काढून पुन्हा लावू लागले.

"कधी लिहिलंस हे सगळं?"

"तुझा रिपोर्ट आला त्या दिवशी."

आईने कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला, लाँड्रीत आलेल्या कपड्यावरचे डाग बघायची तसा.

"यात चुकलंय काहीतरी," ती म्हणाली. "चाळीसेक वाक्यं आहेत आणि मी एकदाही रागावलेली नाही. अशी कुठली आई असते?"

"आई, राहू दे..."

"राहू दे काय? मास्तर, चालू आहे ना तुमचं?"

सरांनी मान हलवली.

आईने कागदाची घडी करून मांडीवर ठेवली आणि माइककडे तोंड केलं.

"ठमे! किती वेळा सांगितलं, ओला टॉवेल गादीवर टाकू नकोस म्हणून! दिवसभर त्या स्क्रीनमध्ये डोकं घालून बसतेस, घराला आग लागली तरी कळायचं नाही तुला! आणि फोन काय शोभेला घेऊन दिलाय? उचलायला हात दुखतात? आधी ते रडणं बंद कर. नाक पूस. माझ्या माघारी कोण सांगणार आहे तुला हे?"

शेवटच्या शब्दांना आवाज फाटला. काटा लाल पट्टीच्या टोकाला जाऊन टेकला होता. सर हळू बोला म्हणाले नाहीत. लेक खरंच रडत होती.

"हे ठेव," आई म्हणाली. "बाकीचं नसलं तरी चालेल."

थोड्या वेळाने सरांनी घसा खाकरला. "एक मिनिटभर नुसती शांतता लागेल, ताई. वाक्यांच्या मधल्या जागा भरायला. कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही."

"शांतताही रेकॉर्ड करता तुम्ही?"

"करावी लागते."

दोघी बसल्या. आईचा हात लेकीच्या गुडघ्यावर होता. हेडफोनमध्ये काहीच नव्हतं, फक्त आईचा श्वास, घशाशी किंचित खरखरणारा. एरवी असा श्वास आला की सर पुन्हा पहिल्यापासून घ्यायला लावत. आज त्यांनी तसं केलं नाही.

मिनिट झालं. सरांनी हात वर केला.

"आता बोललं तर चालेल?" आईने विचारलं.

"बोल," लेक म्हणाली. "बोल ना. काहीही बोल."

रेकॉर्डिंग बंद करायच्या बटणाकडे गेलेला हात सरांनी मागे घेतला.