वाळवण

उन्हाळ्याचे दोन महिने प्रयोगशाळेत काढायचे, सरांचं शिफारसपत्र मिळवायचं आणि त्याच्या जोरावर मोठ्या विद्यापीठात शिरायचं, असा दुसऱ्या वर्षातल्या मुलीचा सरळ हिशेब होता. अट एकच. पीएच.डी. करणाऱ्या ताईने प्रबंधात लिहिलेली पांढरी पूड तिच्याच कृतीने तिच्याइतकीच, म्हणजे हिशेबाने निघायला हवी त्याच्या नव्वद टक्के, काढून दाखवायची. मुलीची गाडी दर वेळी साठावर अडायची.

“अगं, हाताला वळण लागतं,” ताई म्हणायची. “तुझी अजून भातुकलीच चाललीये.”

शेवटच्या दिवशी सरांसमोर ताईनेच प्रयोग केला. पूड गाळली आणि गाळणकागदावरून खरवडून थेट वजनकाट्यावर टाकली.

“एक्क्याण्णव! बघितलंस?”

“बघितलं. पण ताई, वजन करायच्या आधी वाळवायची नसते का? मी तर रोज चार-चार तास वाळवत बसले.”

सरांनी पूड उचलून ओव्हनमध्ये ठेवली. संध्याकाळी ती एकोणसाठ भरली. बाकीचं सगळं पाणी होतं.

प्रबंधातल्या त्या नव्वदवर डोळे झाकून सही केलेल्या सरांनी मुलीला दोन पानी शिफारसपत्र दिलं, आणि ताईला आणखी एक वर्ष.