भुकेचं औषध

सासऱ्यांचं, नत्थुजींचं जेवण अर्ध्या पोळीवर आलं, तेव्हा आकांक्षानं नवऱ्याला सांगून टाकलं, "मामाजीची भूकच मेली आता. वय झालं." दोन्ही वेळा सासऱ्यांच्या ताटात तीच मऊ लवकीची, म्हणजे दुधीची भाजी पडायची. त्यांना दात नाहीत, अन् तिलाही शाळेत शिकवायला जायची घाई. डॉक्टरांनी भुकेचं टॉनिक लिहून दिलं, रोज दोन चमचे.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला मात्र पानावर सोळा भाज्या होत्या, थोड्या थोड्या. पुरण तसंच बाजूला राहिलं, अन् नत्थुजी एकेक भाजी चाखत, बोटं चाटत चार साध्या पोळ्या जेवले. वर पाचवी मागितली.

वाढू लागायला आलेल्या शेजारच्या काकूंनी पंगतीतच विचारलं, "काहून वं आकांक्षा, तू तं म्हणत होती, मामाजीले भूकच लागत नाही म्हणून?"

नत्थुजीच बोलले, "सूनबाईच्या टॉनिकनं लागून राहिली ना! न चुकता देते मले."

पोळी आणायच्या निमित्तानं ती स्वयंपाकघरात शिरली. महिन्याभरापूर्वी आणलेली टॉनिकची बाटली फळीवर उभी होती. तिचं सील अजून फुटलंच नव्हतं.