डावीकडून अंजिरी

दिव्यांची पट्टी चौथ्यांदा सुटली आणि सुनेच्या नाकावर आपटली.

"खड्ड्यात जा," ती पट्टीला म्हणाली. टीव्ही भिंतीपासून हातभर पुढे ओढलेला, आणि मागच्या फटीत ती अर्धीअधिक शिरलेली. डावी बाजू झकास चिकटली होती. वरच्या कोपऱ्यावर मात्र पट्टी वळायचं नाव घेत नव्हती.

"ओढतेस तू," दारातून आवाज आला.

सुनेनं डोकं बाहेर काढलं. सासूबाई दारात उभ्या होत्या. या खोलीत त्या शेवटच्या आपणहून कधी आल्या, ते तिला आठवेना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, मधली नजर जाईल, कडेची राहील. तसंच झालं. ज्याच्याकडे बघावं त्याच्या चेहऱ्यावर करडा डाग. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेल्या बाईनं एक दिवस स्वतःच मशीनवर चादर टाकली. टीव्ही लागला की त्या उठायच्या. "तुम्ही बघा. मला काय, तो रेडिओच," म्हणून आपल्या खोलीत जायच्या.

"ओढतेय ते दिसलं तुम्हाला?"

"दिसायला कशाला हवं? मघापासून चिकटपट्टीची चरचर ऐकतेय. कॉलर लावताना कोपऱ्यावर ओढलं की संपलं. थोडा झोळ ठेवायचा. सरक, दे इकडे."

सून सरकली. सासूबाईंनी टीव्हीची पाठ चाचपत कोपरा शोधला, पट्टी बोटांनी सैल सोडली, वळवली आणि अंगठ्यानं दाबून धरली. पट्टी मुकाट्यानं चिकटली.

"आता हे कशासाठी, ते तरी सांग."

"पडद्याच्या कडेला जो रंग असेल ना आई, तोच मागच्या भिंतीवर पसरतो. गेम खेळताना मजा येते."

"बरं," त्या म्हणाल्या आणि जायला वळल्या.

"बसा की पाच मिनिटं. कोपरा तुम्ही लावलात, पेटलेला बघून तरी जा."

बोलून गेल्यावर सुनेनं जीभ चावली. पण सासूबाई बसल्या, कोचाच्या अगदी टोकाला, परक्याच्या घरी बसावं तशा.

रविवारची दुपार होती. सुनेनं पडदे ओढले आणि गाड्यांची शर्यत लावली. आठवडाभर दातांच्या दवाखान्यात लोकांच्या कवळ्या घासणारी ही मुलगी रविवारी अशी काही गाडी हाणायची की बघणाऱ्यानं कोच धरून बसावं. दुसऱ्या वळणापर्यंत ती सासूबाईंना पार विसरून गेली.

"डावीकडून अंजिरी येतंय काहीतरी."

आणि खरंच, एक जांभळट गाडी डाव्या अंगानं सूं करून पुढे निघून गेली.

सुनेनं मागे वळून पाहिलं. सासूबाई टीव्हीकडे बघतच नव्हत्या. त्यांची हनुवटी खिडकीकडे होती आणि मान जरा वर.

"आई, तुम्हाला गाडी दिसली?"

"गाडी कुठली! भिंत अंजिरी झाली." त्या थांबल्या. "आता लाल झाली."

"आपटले मी."

"मग माझ्या तोंडाकडे काय बघतेस? पुढे बघ!"

सून फस्सकन हसली. गाडी पुन्हा रस्त्यावर आली, जंगलात शिरली, भिंत उजळली.

"हा शेवाळी," सासूबाई म्हणाल्या.

"हिरवाच आहे ना?"

"हिरवा म्हणे. अगं, हिरव्या दोऱ्याची माझ्याकडे चौदा रिळं असायची. हा शेवाळी. हा पोपटी, गेला. हा... थांब, थांब जरा."

सुनेनं खेळ थांबवला. भिंतीवर समुद्राचा रंग तसाच राहिला, छतापर्यंत पसरलेला.

"मोरपंखी," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं होतं, रंगही गेले."

सुनेनं दिव्यांचा उजेड आणखी दोन घरं वाढवला आणि खाली सतरंजीवर, सासूबाईंच्या पायाशी सरकून बसली.

"आई, एक काम कराल? माझं सगळं लक्ष समोर असतं. कडेनं कोण येतंय ते मला कळत नाही, म्हणून तर दर वेळी दहावा नंबर. तुम्ही कडा सांभाळा."

"म्हणजे समोरचं तुझं, कडेचं माझं?"

"हो."

"चल मग. लाव."

पहिल्या शर्यतीत आठवा नंबर आला. दुसरीत सहावा. सासूबाई कोचाच्या टोकावरून मध्ये आल्या, पाय वर घेतले, आणि त्यांचा आवाजही चढला. "उजवीकडे पिवळा! लिंबू नाही, हळदी. दाबून धर त्याला! अगं, सोडलास कसा?" एकदा तर त्यांनी सुनेच्या पाठीत असा धपाटा घातला की तिच्या हातातला खेळाचा रिमोटच उडाला. आणि कुणी कुणाची माफी मागितली नाही.

संध्याकाळी मुलगा बाहेरून आला. दोन्ही हातांत पिशव्या, दार खांद्यानं ढकललेलं. खोलीत अंधार, भिंतभर केशरी उजेड, बायको खाली बसून पडद्यावर डोळे रोखलेली आणि आई वर बसून भलतीकडेच, खिडकीकडे तोंड करून. तो दोघींच्या मधोमध येऊन उभा राहिला.

"आई," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "टीव्ही इकडे आहे गं."

"माहीत आहे मला," आई मान न वळवता म्हणाली. "तू आधी मधून बाजूला हो. आमची शेवटची फेरी आहे."