चारच राहिले

"छोट्या, किती राहिलं रे?" भर बाराच्या उन्हात दादानं मागून पुन्हा विचारलं.

"चार," छोट्या म्हणाला. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडावर एकवीस लिहिलं होतं.

छोट्या अठ्ठावन्न वर्षांचा होता, दोन नातवंडांचा आजोबा. पण थोरला भाऊ असेपर्यंत त्या नावातून सुटका नव्हती. त्याच्या सायकलच्या कॅरिअरला एक लाल फडकं बांधलं होतं. दादाच्या डोळ्यांना आता तेवढंच धड दिसायचं. फडकं चाललं की दादा चालायचा, थांबलं की थांबायचा. पुढच्या उन्हाळ्यात तेही दिसणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. "मग समुद्र यंदाच बघून घेतो, आणि सायकलनंच जातो," असं म्हणून दादानं टायरमध्ये हवा भरली होती. त्याला एकट्याला सोडायचं कुणालाच पटेना, म्हणून हे शुक्लकाष्ठ छोट्याच्या मागे लागलं.

आज सहावा दिवस. डांबर वितळून टायरला चिकटत होतं. बाटलीतलं पाणी चहाइतकं गरम झालं होतं. कापणी झालेल्या शेतांत सावलीला झाड म्हणून नव्हतं. छोट्याच्या मांड्या भरून आल्या होत्या, आता सीटवर टेकणंही जिवावर येत होतं. दर दोन दगडांमागे दादाचा तोच प्रश्न यायचा आणि छोट्या तेच उत्तर द्यायचा. म्हातारा दमलाय, त्याला धीर द्यायला एक थाप मारली तर काय बिघडलं?

फाट्यावर एकदाचं झाड आलं. झाडाखाली रिकामा टेम्पो उभा होता, आणि टेम्पोवाला लाथ मारून टायरमधली हवा बघत होता.

"समुद्राकडेच चाललोय," तो आपणहून म्हणाला. "सायकली टाका मागे."

छोट्याला देव भेटल्यासारखं झालं. तो उतरला आणि कॅरिअरच्या फडक्याची गाठ सोडू लागला. "दादा, तू पार दमलायस. उरलेलं टेम्पोनं जाऊ. आता हट्ट पुरे."

दादा उतरला नाही. एक पाय जमिनीवर टेकवून तसाच उभा राहिला.

"किती राहिलं?"

"चार."

"सकाळपासून चारच राहिलेत. दगड वाचता येत नाहीत मला, पण बाजूनं काही पांढरं गेलं की कळतं. सतरा गेले."

छोट्या ओशाळला. "तुला धीर यावा म्हणून म्हणत होतो."

"मला कशाला धीर? डोळे गेले, कान तिखट आहेत अजून. तुझ्या छातीचा भाता वाजायला लागला की मी विचारायचो. चार म्हणालास की तुझेच पाय चालायचे पुन्हा."

छोट्याला लाज वाटली आणि त्याहून जास्त रडू आलं. घाम पुसायच्या निमित्तानं त्यानं डोळेही पुसून घेतले.

"येताय का मग?" टेम्पोवाल्यानं विचारलं.

छोट्यानं मानेनंच नाही म्हटलं. अर्धवट सुटलेली गाठ पुन्हा आवळली, फडकं लांबून दिसेल असं नीट पसरलं. फाट्यावरच्या दगडावर चौदा होते. तो कण्हत सायकलवर बसला, आणि मागे न बघता म्हणाला, "दादा, किती राहिलं रे?"

"चार," दादा म्हणाला.