फोनच्या कुलपाची चावी

रोह्याच्या दवाखान्यातून सकाळी फोन आला आणि बायको गेल्याचं हिराजीला कळलं. लेकीला लगेच सांगायला हवं होतं, पण रामवाडीतल्या त्याच्या घरी फोनच्या तबकडीला कुलूप होतं. आलेला फोन घेता यायचा, लावता यायचा नाही. लेक लग्नाआधी मैत्रिणींशी तासंतास बोलायची, म्हणून बायकोनेच ते घातलं होतं. "फोन कामाला असतो गो, गप्पांना नाय!" लेक सासरी गेली, कुलूप राहिलं. चावी बायकोच्या मंगळसूत्राला, पिनेत अडकवलेली. दवाखान्यात नर्सने ते मंगळसूत्र पुडीत बांधून दिलं. बायकोला घरी आणल्यावर शेजारच्या काशीबाईने विचारलं, "भावजी, पोरीला फोन केला काय? ती आल्याशिवाय उचलायचं नाय." "कुलूप हाय." "चावी हाय ना हातातल्या पुडीत!" हिराजीने पुडीची गाठ सोडली. चावी काढायला बायकोने स्वतःच्या हाताने लावलेली पिन उघडावी लागणार होती, आणि तेच त्याला जमेना. लेकीला अजून सांगायचं राहिलं होतं.