पुस्तकात असं नव्हतं

"गाणं! अंतराळात गाणं!" थिएटरच्या पायऱ्या उतरतानाच धाकटीचा पारा चढला होता. "जिथे आवाजच जात नाही, तिथे ही बाई गात सुटलीय!"

"चाल बरी होती," दादा म्हणाला आणि तिची नजर पाहून पायऱ्या मोजू लागला.

अण्णा दोन्ही मुलांच्या मधून काठी टेकत चालले होते. सिनेमाभर त्यांनी हूं की चूं केलं नव्हतं. शेवटी मात्र दोनदा डोळे पुसले, ते धाकटीने पाहिलं होतं. तिला फार वाईट वाटलं. आपणच हौसेने तिकिटं काढली आणि अण्णांच्या लाडक्या पुस्तकाचं मातेरं त्यांना दाखवून आणलं.

आई गेली त्या हिवाळ्यात, जेवणं उरकली की अण्णा दोघांना एकाच रजईत घेऊन ते पुस्तक वाचून दाखवायचे. दूरच्या ताऱ्याकडे निघालेली कप्तान आणि घरी वाट पाहणारी तिची दोन मुलं. अण्णा छापखान्यात मुद्रितं तपासायचे. काना इकडचा तिकडे झालेला त्यांना खपायचा नाही. दुकानांच्या पाट्यांवरच्या चुकाही ते भर रस्त्यात उभे राहून काढायचे. वाचतानासुद्धा प्रत्येक स्वल्पविरामाला थांबायचे. तेवढ्यात दादाला डुलकी लागायची. धाकटी मात्र कान टवकारून बसायची. त्या आवाजाशिवाय ते पुस्तक आपण उघडावं, असं पुढे तिच्या कधी मनातही आलं नाही.

घरी येऊन चहा झाला तरी तिची धुसफूस चालूच होती.

"यान मिक्सरसारखं दिसत होतं, तेही चालेल. पण शेवट? कप्तान दारात उभी काय, मुलं धावत जाऊन बिलगतात काय! लोकांनी खूश होऊन घरी जावं म्हणून काहीही दाखवायचं. पुस्तकात ती परत येतच नाही. मुलं तिचा कोट घडी करून ठेवतात आणि शाळेत जातात. त्या कोटावर मी मोठी झालेय, दादा. आई नसली तरी सकाळी उठून शाळेत जायचं असतं, हे मला कुणी शिकवलं? त्या पानाने!"

कोट दादालाही आठवत होता.

"अण्णा, आज तुम्हीच वाचा. फक्त शेवटचं पान. तोंडाची कडू चव तरी जाईल."

"राहू दे गं," अण्णा म्हणाले. "अक्षर फार बारीक आहे."

"चष्मा देते ना."

तिने कपाटातून पुस्तक काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि लहानपणीसारखी पायाशी बसली. दादानेही खुर्ची जवळ ओढली. अण्णांनी चष्मा चढवून शेवटचं पान उघडलं. मग घसा खाकरून वाचू लागले, तसेच, स्वल्पविरामाला थांबत.

"दार वाजलं. मुलगी धावत गेली, तिने कडी काढली. बाहेर आई उभी होती."

"अहो अण्णा, हे सिनेमातलं झालं," धाकटी हसत म्हणाली. "पुस्तकातलं वाचा."

अण्णांनी पुस्तक तिच्याकडे वळवलं आणि छापलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

"पुस्तकातलंच आहे, बाळ. त्या हिवाळ्यात माझी जीभ रेटेना."